छर्रा एक, आवाज तीन

थंडीतल्या सकाळी देवळालीच्या बाजूने 'धुम्म' असा आवाज आला की नाशिकला नव्याने आलेला पाहुणा दचकतो. घरचे फक्त कूस बदलतात. देवळालीला लष्कराच्या तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र आहे, त्यामुळे हा आवाज आमच्या अंगवळणी पडलेला. दहा किलोमीटरवरून तो यायला जवळजवळ 29 सेकंद लागतात. आपण दचकतो तोवर तिकडे पुढच्या गोळ्याची तयारीही सुरू झालेली असते.

तीच तोफ उन्हाळ्यात भर दुपारी इतकी स्पष्ट ऐकू येत नाही. थंडीत रात्रभर जमीन गार होते, तिला चिकटलेली हवा गार होते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर राहतो. ध्वनी उबदार हवेत जास्त वेगाने धावतो. त्यामुळे आकाशाकडे निघालेल्या लाटेचा वरचा भाग पुढे सरकतो, लाट खाली वाकते आणि पुन्हा घरांवर येऊन पडते. दुपारी जमीन तापली की नेमकं उलट होतं. लाट वर वळते आणि आवाज डोक्यावरून निघून जातो.

आवाजाचा हा स्वभाव माझ्या मनात बसायला कारण ठरली माझी पुतणी. तिला एअर रायफलचं वेड लागलंय. नाशिकमध्ये हे वेड नवं नाही. पोलीस खात्यातून निवृत्त झालेल्या भीष्मराज बाम यांनी इथेच राहून कितीतरी नेमबाजांची आणि इतर खेळाडूंची मानसिक तयारी करून घेतली. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे मूळचा कोल्हापूर जिल्ह्यातला, पण त्याच्या नेमबाजीची सुरुवातीची वर्षं नाशिकची. पुतणी रेंजवर आठवड्यातून तीनदा जाते. उरलेले दिवस आमच्या घरामागच्या परसात, जिथे भिंतीपासून भिंतीपर्यंत तेरा मीटरची पट्टी आहे. स्पर्धेचं अंतर 10 मीटर, म्हणजे जागा पुरेशी.

प्रश्न होता तो शेजारच्या आजींच्या कानांचा. "काका, त्या म्हणतात रोज संध्याकाळी कोणीतरी पत्र्यावर दगड मारतंय," पुतणी सांगत आली. तेव्हा मी, सातपूरच्या कारखान्यात मशीनच्या आवाजात आयुष्य काढलेला माणूस, आवाज दाबणारा खोका करायला बसलो.

कल्पना माझी नव्हे. अमेरिकेत शेतावर राहणारे हौशी लोक रायफलच्या नळीचं तोंड अशा खोक्यात घालून परसात गोळ्या झाडतात. काही रेंजवर तर जुने टायर एकापुढे एक मांडून बोगदा केलेला असतो. आपल्याकडे दारूगोळ्याची रायफल परसात झाडणं हा विषयच नको, परवाना असला तरी. माझं सगळं बोलणं एअर रायफलपुरतं आहे. 4.5 मिलिमीटरचा, अर्ध्या ग्रॅमच्या आसपास वजनाचा शिशाचा छर्रा सेकंदाला साधारण 170 मीटर वेगाने जातो. ऊर्जा होते जेमतेम आठ ज्यूल. पण आठ ज्यूलही डोळा घालवायला पुरतात. त्यामुळे छऱ्यांमागे भक्कम भिंत आणि डोळ्यांवर चष्मा या दोन गोष्टींवर आमच्या घरी चर्चा होत नाही.

आधी प्रश्न असा, की आवाज येतो कुठून? मी सगळा दोष नळीच्या तोंडाला देत होतो. नळीतली दाबलेली हवा छऱ्यामागून एकदम मोकळी होते, फुगते आणि आजूबाजूच्या हवेला धक्का मारते. हा पहिला आवाज. दुसरा छऱ्याच्या उडण्याचा. एअर रायफलचा छर्रा ध्वनीच्या निम्म्या वेगाने जातो, म्हणून तो नगण्य असतो. रायफलची गोळी मात्र सेकंदाला 343 मीटरच्या वर गेली की लढाऊ विमानासारखा कडाका सोबत घेऊन जाते. तो कडाका गोळी जाते त्या वाटेवर, खोक्याच्या बाहेर तयार होतो. खोका कितीही भारी करा, त्याचं काही वाकडं होत नाही. म्हणूनच शांतपणे नेमबाजी करणारे पॉइंट टू-टूच्या मंद, ध्वनीपेक्षा किंचित हळू जाणाऱ्या गोळ्या शोधतात.

तिसरा आवाज छर्रा आदळण्याचा. आणि इथेच मी फसलो होतो.

छर्रा 10 मीटर जायला सुमारे सहा शतांश सेकंद घेतो, आदळल्याचा आवाज परत यायला आणखी तीन शतांश. म्हणजे नेमबाजाच्या कानात दोन आवाजांत नऊ शतांश सेकंदाचं अंतर. लक्ष न देता ऐकलं तर एकच 'फट्' वाटतो. मी एकदा शेजारच्या आजींच्या ओट्यावर जाऊन बसलो आणि पुतणीला दहा छर्रे मारायला सांगितले. तिथून ऐकू आलं ते 'टण्ण'. आमचं टार्गेट ज्या पत्र्याच्या पेटीवर लावलेलं होतं ती पेटी आजींच्या कुंपणाला लागून, आणि रायफल दुसऱ्या टोकाला. आजी म्हणत होत्या ते अक्षरशः खरं होतं. पत्र्यावर दगडच मारले जात होते, फक्त शिशाचे आणि छोटे.

त्यामुळे खोक्याआधी पेटीचा बंदोबस्त. पत्रा घंटेसारखा वाजतो कारण तो पातळ, ताठ आणि मोकळा आहे. एकदा हलला की हलतच राहतो. त्याला गप्प करायचं तर छऱ्याची ऊर्जा पत्र्यापर्यंत पोहोचूच द्यायची नाही. गणपतीनंतर उरलेली शाडू माती पेटीत तीन बोटं जाड थापली. चार दिवस स्वर्ग. छर्रा 'थप्' करून रुतायचा. पाचव्या दिवशी माती वाळून भेगाळली, आणि कडक मातीवरून छर्रा उलटा उडायची भीती. मग मुलांच्या खेळण्यात असते तसली तेलकट, न वाळणारी माती आणली. शिसं त्यातच अडकून राहतं, धूळ होत नाही, हेही बरं. तरी छर्रे काढल्यावर हात साबणाने धुणे आणि त्या कोपऱ्यात खाणंपिणं बंद, हा नियम आहे.

आता नळीकडे. पहिला खोका द्राक्षांच्या पुठ्ठ्याच्या पेट्यांचा, आत थर्माकोल आणि अंड्यांचे ट्रे. नाशिकमध्ये द्राक्षांच्या पेट्यांना तोटा नाही. परिणाम शून्याच्या आसपास. माझी चूक तीच, जी बहुतेकांची होते: आवाज शोषणं आणि आवाज अडवणं ही दोन वेगळी कामं आहेत.

अडवण्यासाठी लागतं वजन. ध्वनीची लाट भिंतीला ढकलते, भिंत जितकी जड तितकी कमी हलते. ढोबळ नियम असा की भिंतीचं वजन दुप्पट केलं की पलीकडचा आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो. थर्माकोलला वजनच नाही, पुठ्ठ्याला नावापुरतं. शोषण्यासाठी लागतात बारीक बारीक वाटा, ज्यांतून हवा शिरू शकेल आणि तंतूंना घासून दमेल. ध्वनी म्हणजे हवेची ये-जाच, ती घासली की तिची ऊर्जा उष्णता होते. इतकी थोडी, की हाताला कधी कळणार नाही. थर्माकोलची भोकं बंद असतात, हवा आत जातच नाही. अंड्यांचा ट्रे फार तर आवाज इकडे-तिकडे उडवतो.

या कामाला घरातली सगळ्यात उत्तम वस्तू निघाली गोधडी. जुन्या सुती साड्यांचे सात-आठ थर, धावदोऱ्याने शिवलेले, मधे हवा धरून ठेवणारे. बाजारातलं रॉकवूल तिच्याहून चांगलं, पण त्याचे तंतू अंगाला खाजतात आणि मोकळ्या खोक्यात ते नळीच्या हवेने उडायला नकोत. गोधडी आईची होती. बायकोने परवानगी द्यायला आठवडा घेतला.

शोषणालाही मर्यादा आहे. शोषक थराची जाडी तरंगलांबीच्या चौथ्या भागाइतकी असली की तो पुरा कामाला येतो. 5 सेंटिमीटरची गोधडी-घडी म्हणजे 1700 हर्ट्झच्या वरचे तीक्ष्ण आवाज मस्त गिळणार. 100 हर्ट्झची लांबी 3.4 मीटर, तिला 85 सेंटिमीटरचा थर हवा. म्हणजे खोक्यातून 'फट्' मधली धार जाते, 'धप्' उरतो. देवळालीची तोफ घराच्या भिंती ओलांडून येते तीही याच कारणाने. खालच्या पट्टीचे आवाज कशालाच दाद देत नाहीत.

दुसरा खोका 19 मिलिमीटर प्लायवूडचा: 40 सेंटिमीटर रुंद, तेवढाच उंच, 90 लांब. नुसता ठोकून तयार केला तेव्हा तो डग्गा झाला. बोट मारलं तरी घुमायचा. गाडीच्या दारात आतून चिकटवतात तसल्या डांबरी शीट आतल्या बाजूने लावल्या, मग गोधडी. खाली रबराचे तुकडे, नाहीतर टेबलच बोलायला लागतं.

आणि मग सगळ्यात गंमतीची गोष्ट: भोकं. मागून नळी शिरायला, पुढून छर्रा जायला. मी पुढचं भोक छऱ्याच्या हिशेबाने दोन बोटांचं केलं. पुतणीने रायफल खांद्याला लावली आणि म्हणाली, "काका, मला टार्गेट दिसत नाही." दिसणार कसं? रायफलची साइट नळीच्या वर काही सेंटिमीटर असते. छऱ्याची वाट आणि नजरेची वाट वेगवेगळ्या, दोन्ही त्याच भोकातून जायला हव्यात. शेवटी 6 बाय 10 सेंटिमीटरची उभट खिडकी कापली. मागचं तोंड 12 बाय 14.

हिशेब करून बघा. खोक्याचा सगळा पृष्ठभाग 17,600 चौरस सेंटिमीटर, दोन्ही भोकं मिळून 228. म्हणजे 1.3 टक्के उघडं. आतला आवाज सगळीकडे सारखा पसरला असं धरलं, तर भिंती शिशाच्या केल्या तरी भोकांमुळे फायदा 19 डेसिबलच्या पुढे जात नाही. दहा टक्के उघडं असतं तर 10 वरच थांबला असता. माठाला चीर असली की माठाची जाडी कोण विचारतो, तसं. म्हणून प्लायवर प्लाय चढवण्यापेक्षा मागच्या तोंडाला उभा चिरलेला नमद्याचा पडदा लावणं आणि आतली गोधडी जाड करणं, हे शहाणपणाचं. भोकापर्यंत पोहोचण्याआधीच आवाज जितका मरेल तितका आपला. मोटारीच्या सायलेन्सरमध्येही वायूला फुगायला जागा देऊन, वळणांवर अडवून दमवतात. हायरम पर्सी मॅक्सिम याला 1909 मध्ये बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट मिळालं ते याच तत्त्वावर. त्याचा बाप मशीनगनचा जनक. बापाने गोंगाट वाढवला, मुलाने दाबायचा धंदा काढला. आमचा खोका मात्र नळीला कुठेही जोडलेला नाही, आणि जोडायचाही नाही.

फायदा मोजायला मी मोबाईलवरचं डेसिबल मीटर लावलं आणि पुन्हा फसलो. हे मीटर 'फास्ट' वर ठेवलं तरी एक अष्टमांश सेकंदाची सरासरी काढतं. नळीचा धक्का असतो काही सहस्रांश सेकंदांचा. सरासरीत तो पाण्यात मीठ विरघळावं तसा विरघळतो, आणि आकडा खोटा सभ्य दिसतो. निवासी भागाची कायदेशीर मर्यादा दिवसा 55 डेसिबल, रात्री 10 नंतर 45, पण तीही सरासरीचीच. कान सरासरीने दचकत नाही. शेवटी मोजमापाचं यंत्र म्हणून आजींचा ओटाच वापरला.

पुतणीची तक्रार मात्र राहिली, की तिला तर आवाज तेवढाच येतो. खोकं तिच्या कामाचं नाहीच. सरावासाठी तिने घरी ठेवलेली जुनी रायफल स्प्रिंगची आहे. स्प्रिंगचा धक्का लाकडातून गालाच्या हाडाला, हाडातून थेट आतल्या कानाला पोहोचतो. हवेतून जाणारा आवाज दाबून तो रस्ता बंद होत नाही. बाहेर बसलेल्याला ती स्प्रिंग तितकी ऐकू येत नाही.

गेल्या रविवारी आजी स्वतः कुंपणाशी आल्या. म्हणाल्या, दगड मारणं थांबलं, पण आता मधूनच काहीतरी 'कुईं' करतं. बघितलं तर टार्गेट पुढे-मागे ओढायच्या दोरीचं चाक. ते पहिल्यापासून कुरकुरत असणार, मोठ्या आवाजाखाली झाकलं गेलेलं. शिलाई मशीनचं तेल दोन थेंब सोडलं.