कौशल्याची लेव्हल वाढवण्याचा अर्ज परत का येतो?

‘बारा वर्षं याच मशीनवर आहे, तरी लेव्हल दोनच?’ अशी तक्रार करणाऱ्याचा अर्ज उघडला की बहुतेक वेळा आत वर्षंच भरलेली असतात, पुरावा नसतो.

बहुतेक ठिकाणच्या स्किल मॅट्रिक्समध्ये, म्हणजे कोणाला कोणतं काम किती येतं याच्या तक्त्यात, चार पायऱ्या असतात: शिकतो आहे, देखरेखीखाली करतो, एकट्याने करतो, दुसऱ्याला शिकवतो. यात वर्षांचा उल्लेख कुठे आहे का, बघा. शिवाय लेव्हल माणसाला नसते, एकेका कामाला असते. म्हणून ‘लेथ येतं’ एवढंच लिहू नका. ड्रॉइंग वाचून सेटिंग स्वतः करतो, माप टॉलरन्समध्ये (चालणाऱ्या फरकाच्या मर्यादेत) आणतो, टूल झिजलं की ओळखून बदलतो, असं लिहा. तपासणाऱ्याला यातलं एकेक वाक्य ताडून बघता येतं.

फॉर्म, ओळखपत्र, प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं यांत फारसं कोणी अडत नाही. अडतं ते कामाच्या नोंदीवर. जॉब कार्डवर नाव असतं शिफ्टच्या प्रमुखाचं, हात चालवलेला असतो तुम्ही. त्यामुळे आजपासून स्वतःची वही ठेवा: तारीख, जॉब नंबर, काय केलं, मदत घेतली का. सुपरवायझरची सही त्याच आठवड्यात घ्या. वर्षभराच्या सह्या एका दिवशी, एकाच पेनाने घेतलेल्या लगेच ओळखू येतात आणि मग खऱ्या नोंदींवरही कोणी विश्वास ठेवत नाही. जुने सुपरवायझर सोडून गेले असतील तर तपासणी अहवाल किंवा ब्रेकडाउन रजिस्टर शोधा. तेही नसेल तर प्रात्यक्षिक मागा.

आणि ‘नोंदी ठेवणं आमचं काम नाही’ असं कार्यालयातून ऐकायला मिळालं, तर कंपनीकडे आयएसओ ९००१ (गुणवत्ता व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाचं प्रमाणपत्र) आहे का ते विचारा. २०१५ च्या आवृत्तीतलं कलम ७.२ सक्षमतेचा लेखी पुरावा जपायला संस्थेलाच सांगतं. प्रमाणपत्र भिंतीवर लावायचं आणि रजिस्टर मात्र कामगाराने आणायचं, हा कुठला न्याय?

मुदतीत सगळ्यात जास्त फसतात वेल्डर. आयएसओ ९६०६-१ या वेल्डरच्या चाचणीच्या मानकाच्या प्रमाणपत्रावर ३ वर्षांची मुदत दिसली की लोक निर्धास्त होतात. पण प्रमाणपत्रात दिलेल्या प्रकारातलं वेल्डिंग चालू असल्याची जबाबदार व्यक्तीची सही दर ६ महिन्यांनी लागते. ती राहिली, तर मधेच प्रमाणपत्राची वैधता जाते. पुढची तारीख आत्ताच लिहून ठेवा. आठवण करून द्यायला कोणी येत नाही.

स्वमूल्यांकनाच्या रकान्यात सगळीकडे चार लिहिणारे खूप असतात, पण मला जास्त वाईट वाटतं ते संकोचाने दोन लिहिणाऱ्यांचं. नवीन मुलं अडली की ज्याच्याकडे धावतात, त्याने चार लिहायला हरकत नाही. फक्त कोणाला काय शिकवलं, ते खाली नोंदवावं.

अर्ज नाकारला तर ‘अजून थोडा अनुभव घ्या’ एवढ्यावर परत फिरू नका. निकषातली नेमकी कोणती ओळ अपुरी पडली आणि फेरमूल्यांकन कधी, दोन्ही लेखी मागा.