खारे वारे आणि मतलई वारे

किनारी भागात दिवसा समुद्राकडून जमिनीकडे वाहणारे ते खारे वारे आणि रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे ते मतलई वारे. शालेय भूगोलात ही जोडी दोन ओळींत आटोपते. कोकणात मात्र ऑक्टोबर ते मे या काळात दुपार किती तापणार, हे बहुतांशी तीच ठरवते.

याचे मूळ पाण्याच्या स्वभावात आहे. एक किलो पाणी 1 अंशाने तापायला जितकी उष्णता लागते, तितक्यात तेवढ्याच वजनाची कोरडी माती चार-पाच अंशांनी तापते. शिवाय ऊन पाण्यात खोल शिरते, लाटा पाणी ढवळत राहतात आणि बरीचशी उष्णता बाष्पीभवनात खर्च होते. जमिनीचा मात्र वरचा थोडासा थरच सगळी उष्णता घेतो. सकाळ चढते तशी किनाऱ्यावरची हवा तापून वर जाते, तिथला दाब घटतो आणि समुद्रावरची गार हवा आत येते. सूर्यास्तानंतर जमीन झपाट्याने निवते आणि हे चक्र उलटते. रात्री दोन्हींच्या तापमानातला फरक कमी असतो, म्हणून मतलई वारा खाऱ्या वाऱ्याहून मंद असतो. शिडाच्या होड्यांच्या काळात कोळी पहाटे मतलईवर दर्यात जात आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परतत.

मे महिन्यात नागपूरचे सरासरी कमाल तापमान 42 अंशांच्या आसपास असते, तर मुंबईत कुलाब्याला ते 34 च्या आसपास राहते. पण नुसता समुद्र शेजारी असून भागत नाही, वारा तिकडून यावा लागतो. मार्चमध्ये हे स्पष्ट दिसते. जमिनीवरून येणारे पूर्वेचे कोरडे वारे जोरात असले की खारा वारा दुपार उलटेपर्यंत आत शिरू शकत नाही आणि समुद्राला लागून असलेली मुंबई भाजून निघते. 28 मार्च 1956 रोजी सांताक्रूझला 41.7 अंश तापमान नोंदले गेले, ते मार्चमध्ये, मे महिन्यात नव्हे. एरवी खारा वारा पारा खाली आणतो, पण सोबत दमटपणाही आणतो. घाम वाळत नाही, म्हणून 33 अंशांतही जीव कासावीस होतो. किनाऱ्यावरचा उकाडा केवळ तापमानाच्या आकड्यावरून मोजणे चूक आहे.

हिवाळ्यात या अदलाबदलीची दुसरी बाजू दिसते. रात्री मतलईबरोबर समुद्रावर गेलेला शहराचा धूर दुसऱ्या दिवशी खाऱ्या वाऱ्याबरोबर परत येऊ शकतो.

खारे वारे साधारणतः किनाऱ्यापासून काही दहा किलोमीटर आत पोहोचतात. पुढे सह्याद्रीची भिंत आडवी येते.

मोसमी वारे म्हणजे ऋतूच्या मापाचे खारे वारे, ही कल्पना इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅली यांनी 1686 मध्ये मांडली. जमीन आणि समुद्र यांच्या तापण्यातला फरक हे तिचे मर्म आजही मान्य आहे, पण तेवढ्याने मोसमी पावसाचा उलगडा होत नाही. पृथ्वीच्या परिवलनाने वारे वळतात आणि वाफेचे ढग होताना सुटणारी उष्णता त्यांना बळ देते. जूनमध्ये नैऋत्येचा हा मोठा वारा स्थिरावला आणि ढगांनी ऊन अडवले, की कोकणातले खारे-मतलई वारे त्याच्या जोरापुढे जवळजवळ लोपतात. ऑक्टोबरात आकाश मोकळे झाल्यावर ते पुन्हा सुरू होतात.