जांभई पुरती येऊ द्यावी

पुढची जांभई येईल तेव्हा एक करून बघा. हा लेख वाचतानाच ती यायची शक्यता बरीच आहे, कारण जांभईबद्दल नुसतं वाचलं तरी ती येते. जांभई सुरू झाली की दातावर दात घट्ट दाबून धरा. श्वास चालू राहील, छाती भरेल, डोळेही मिटतील, पण काहीतरी मध्येच अडकून पडल्यासारखं वाटेल. नंतरच्या जांभईला तोंड मोकळं ठेवून नाक चिमटीत धरा. ही जांभई मात्र नीट पार पडते. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी हे साधे प्रयोग लोकांकडून करवून घेतले होते. जबडा पूर्ण ताणला गेल्याशिवाय जांभईचं समाधान होत नाही, हे त्यातून दिसलं.

एक जांभई साधारण सहा सेकंद चालते. तेवढ्यात जबडा खाली ओढला जातो, घसा रुंदावतो, चेहऱ्याचे स्नायू आवळले जातात आणि अश्रुग्रंथींवर दाब पडून डोळ्यांत पाणी येतं. कानातला एक इवलासा स्नायूही आखडतो, म्हणून जांभई देताना समोरच्याचं बोलणं क्षणभर लांबून आल्यासारखं ऐकू येतं. एकदा सुरू झालेली जांभई ओठ मिटून लपवता येते, पण आतून थांबवता येत नाही. शिंकेचंही तसंच.

शरीराला ऑक्सिजन कमी पडला की जांभई येते, असं आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणापासून ऐकलेलं असतं. प्रोव्हाइन यांनी ते तपासून पाहिलं. विद्यार्थ्यांना कधी शुद्ध ऑक्सिजन, तर कधी जास्त कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा दिली. कार्बन डायऑक्साइड वाढल्यावर श्वास जोरात चालू लागला, पण जांभया वाढल्या नाहीत. शुद्ध ऑक्सिजनने त्या कमीही झाल्या नाहीत. व्यायामानेही फरक पडला नाही. हे निष्कर्ष १९८७ साली प्रसिद्ध झाले, तरी जुनी समजूत अजून सुटलेली नाही. खरं तर तिला उत्तर द्यायला गर्भातलं बाळही पुरेसं आहे. ते फुप्फुसांत हवा घेतच नाही, तरी जांभई देतं. ब्रिटनमधल्या डरहॅम विद्यापीठात १५ गर्भांच्या सोनोग्राफीत नुसतं तोंड उघडणं आणि खरी जांभई यांतला फरक बारकाईने टिपला गेला. जांभईत तोंड सावकाश उघडत जातं आणि मिटतं पटकन.

मग जांभई येते कधी? झोपण्यापूर्वी येते, तशी उठल्यावरही येते. विमानातून उडी मारण्यापूर्वी पॅराशूटधारी सैनिकांना येते. अमेरिकन स्केटर अपोलो ओहनो ऑलिम्पिकच्या शर्यतीआधी मोठाल्या जांभया द्यायचा. त्या घडीला त्याला कंटाळा आला होता, असं कोण म्हणेल? शरीर एका अवस्थेतून दुसरीत जाताना, म्हणजे झोपेतून जागेपणी किंवा स्वस्थतेतून तयारीत, जांभई येते. हे लक्षात घेतलं तर समोर बसून जांभई देणाऱ्यावर रागवायचं कारण उरत नाही. कदाचित तो जागं राहायची धडपड करत असेल.

त्या सहा सेकंदांत नेमकं काय साधतं, याबद्दल अमेरिकेतले संशोधक अँड्र्यू गॅलप यांचं म्हणणं असं, की जांभईने मेंदू थंड होतो. जबडा ताणल्याने डोक्याचा रक्तप्रवाह वाढतो आणि आत ओढलेली हवा ते रक्त थोडं निववते. २००७ च्या त्यांच्या प्रयोगात कपाळावर थंड पट्टी धरलेल्यांपैकी फक्त ९ टक्के लोकांना दुसऱ्याची जांभई लागली. पट्टी थंड नव्हती तेव्हा हेच प्रमाण ४१ टक्के होतं. पुढे अ‍ॅरिझोनातल्या टूसॉन शहरात १६० वाटसरूंना जांभईची चित्रं दाखवली. हिवाळ्यात जवळजवळ निम्म्यांना जांभई आली, कडक उन्हाळ्यात पाव लोकांनाही नाही. बाहेरची हवाच अंगाइतकी तापलेली असेल, तर ती आत घेऊन मेंदू निवणार कसा? २०२१ मध्ये सस्तन प्राणी आणि पक्षी मिळून १०१ जातींच्या बाराशेहून अधिक जांभया मोजल्या गेल्या. ज्याचा मेंदू मोठा, त्याची जांभई लांब, असं त्यात आढळलं. तापमानातला फरक फारच थोडा असतो, म्हणून हे म्हणणं सगळ्यांना पटलेलं नाही. मला मात्र आजवरच्या स्पष्टीकरणांत हेच सर्वांत भक्कम वाटतं.

जांभईची मुळं मेंदूत किती खोलवर आहेत, हे पक्षाघाताच्या काही रुग्णांमध्ये दिसतं. लुळा पडलेला हात कितीही प्रयत्न केला तरी हलत नाही. पण जांभई आली की तोच हात आपसूक उचलला जातो आणि जांभई संपली की खाली येतो. पाहणाऱ्या घरच्यांना वाटतं, हाताला ताकद आली. मेंदूच्या वरच्या भागातून हाताकडे जाणारा मार्ग तुटलेला असतो. जांभईची हालचाल मात्र मेंदूच्या बुडाशी असलेल्या जुन्या भागातून निघते आणि तिची वाट शाबूत असते.

एकाची जांभई दुसऱ्याला लागते, ती त्यामानाने नवी गोष्ट आहे. बाळ जन्माआधीपासून जांभया देतं, पण दुसऱ्याची जांभई त्याला साधारण चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत सहसा लागत नाही. दिसायलाच हवी असंही नाही, दृष्टिहीनांना ती नुसत्या आवाजाने लागते. कासवांमध्ये ती पसरते का, हे पाहायला अलेक्झांड्रा नावाच्या कासवाला सहा महिने शिकवून तोंड उघडायला लावलं. तिच्या सोबत्यांवर काहीही परिणाम झाला नाही.

चिंपांझींना आपल्या टोळीतल्यांची जांभई परक्यांपेक्षा जास्त लागते. माणसांतही घरच्यांची लवकर लागते, अनोळखी माणसाची उशिरा. यावरून ही लागण म्हणजे सहानुभूतीचं माप आहे, असं म्हटलं जाऊ लागलं. इथे मला सावध राहावंसं वाटतं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात २०१४ साली ३२८ जणांना तपासलं, तेव्हा सहानुभूतीशी ठळक नातं दिसलं नाही. स्वमग्न मुलांना जांभई कमी लागते, असंही सांगितलं गेलं. पण त्यांचं लक्ष पडद्यावरच्या चेहऱ्याकडे आहे याची खात्री करून घेतल्यावर त्यांनाही ती इतर मुलांसारखीच लागली. आपल्या माणसाच्या चेहऱ्याकडे आपण जास्त पाहतो, कदाचित एवढंच कारण असेल.

दक्षिण आफ्रिकेतल्या सिंहांच्या निरीक्षणात वेगळंच काही हाती आलं. कळपातल्या दुसऱ्याची जांभई पाहिलेला सिंह पुढच्या तीन मिनिटांत जांभई देण्याची शक्यता १३९ पटींनी वाढत होती. त्यानंतर पहिला सिंह उठला की दुसराही उठायचा, पहिला आडवा झाला की दुसराही आडवा व्हायचा. जांभई लागलेली नसली तर असं एकत्र हलणं फार कमी दिसायचं. दिवसभर पसरून झोपणाऱ्या आणि शिकारीला मात्र एकदमच निघावं लागणाऱ्या कळपात एक तोंड उघडतं, मग दुसरं, आणि थोड्या वेळाने सगळे पायांवर उभे असतात.