लाकडावरचे तेल वाळते म्हणजे नेमके काय होते?

पावसाळा सरला की ठाण्यात आणि नवी मुंबईत जुन्या सागवानी कपाटांना, झोपाळ्यांना आणि देवघरांना पुन्हा तेल-पॉलिश करण्याची लगबग सुरू होते. समाजमाध्यमांवरील चित्रफितींत त्यासाठी खोबरेलात किंवा ऑलिव्हच्या तेलात लिंबू पिळून ते मिश्रण लाकडावर चोळण्याचा सल्ला हमखास मिळतो. चमक तत्काळ येते, त्यामुळे सल्ला पटतोही. परंतु हे तेल लाकडावर कधीच वाळत नाही. ते ओशट राहते, धूळ धरून ठेवते आणि काही आठवड्यांत त्याचा खवट वास येऊ लागतो. त्याच लाकडावर जवसाचे, म्हणजेच अळशीचे तेल लावले, तर काही दिवसांत त्याचा टणक, पारदर्शक थर तयार होतो.

पाणी वाळते तेव्हा त्याची वाफ होऊन ते निघून जाते. जवसाच्या तेलाचे तसे नाही. ते हवेतील ऑक्सिजन शोषून घेते. काचपट्टीवर या तेलाचा पातळ थर देऊन ती अचूक तराजूवर ठेवली, तर वाळता वाळता तिचे वजन वाढत जाते आणि ही वाढ तेलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपलीकडेही जाऊ शकते. मला या साऱ्या विषयात सर्वांत विलक्षण वाटते ती हीच गोष्ट.

तेलाच्या प्रत्येक रेणूत ग्लिसरॉलला मेदाम्लांच्या तीन साखळ्या जोडलेल्या असतात. खोबरेलातील बहुतेक साखळ्या संपृक्त, म्हणजे दुहेरी बंध नसलेल्या असतात. जवसाच्या तेलात मात्र साधारण निम्मा वाटा लिनोलेनिक आम्लाचा असतो. त्याच्या 18 कार्बनांच्या साखळीत नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या कार्बनापासून दुहेरी बंध सुरू होतात, त्यामुळे अकरावा आणि चौदावा कार्बन दोन्ही बाजूंनी दुहेरी बंधांच्या मध्ये येतो. या दोन कार्बनांवरील हायड्रोजन सहज सुटतो, कारण तो गेल्यावर मागे उरलेला एकटा इलेक्ट्रॉन शेजारच्या बंधांवर पसरून स्थिरावू शकतो. अशा रीतीने तयार झालेल्या मुक्तमूलकाला ऑक्सिजनचा रेणू चिकटतो, त्यातून पेरॉक्सी मूलक बनते आणि ते शेजारच्या साखळीवरील तसाच सैल हायड्रोजन ओढून घेते. आता शेजारची साखळी मूलक होते, तर पहिल्या साखळीवर हायड्रोपेरॉक्साइड तयार होते. तेही कालांतराने फुटून नवी मूलके देते आणि क्रियेचा वेग वाढत जातो. मूलके परस्परांना जोडली गेली की साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात आणि तीन हातांच्या रेणूंचे मासेमारीच्या जाळ्यासारखे अखंड विणकाम होते. ऑलिव्हच्या तेलातील मुख्य मेदाम्लात एकच दुहेरी बंध असल्याने हा मधला कार्बनच त्यात नसतो. असंपृक्ततेचे माप असलेले आयोडीन मूल्य खोबरेलाचे 10 च्या आसपास, तर जवसाच्या तेलाचे सामान्यतः 170 च्या वर असते.

बाजारातील ‘डबल बॉइल्ड’ तेलात बहुधा कोबाल्ट किंवा मँगनीजचे क्षार मिसळलेले असतात. ते हायड्रोपेरॉक्साइड लवकर फोडतात, म्हणून तेल लवकर वाळते. पोळपाट-लाटण्याला मात्र ते लावू नये.

घरी मिश्रण करताना पहिल्या हातासाठी तेल आणि टर्पेंटाइन समप्रमाणात घ्यावे आणि पुढच्या हातांत टर्पेंटाइन कमी करत जावे. टर्पेंटाइनचे काम तेल पातळ करून लाकडाच्या रंध्रांत पोहोचवण्यापुरतेच असते. त्यानंतर ते उडून जाते. शेवटच्या हातात थोडे मधमाश्यांचे मेण घालायचे असल्यास ते गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवावे आणि टर्पेंटाइन मिसळण्यापूर्वी गॅस बंद करावा. तेल लावल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी पृष्ठभागावर उरलेले सारे तेल सुती फडक्याने पुसून काढणे अत्यावश्यक आहे. ऑक्सिजन वरून आत शिरतो. थर जाड राहिला तर वर साय धरते, खालचे तेल कच्चे राहते आणि पृष्ठभागाला सुरकुत्या पडतात.

ते फडके मात्र जपून हाताळावे. ऑक्सिडीकरणात उष्णता निर्माण होते. लाकडावर ती हवेत निघून जाते, पण चुरगळलेल्या फडक्यात हवा पुरेशी मिळते आणि उष्णता कोंडते, तापमानाबरोबर क्रियेचा वेग वाढतो आणि काही तासांत फडके आपोआप पेट घेऊ शकते. फिलाडेल्फियातील वन मेरिडियन प्लाझा या 38 मजली इमारतीला 23 फेब्रुवारी 1991 रोजी लागलेली आग जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांपासूनच सुरू झाली होती. तीत अग्निशमन दलाचे तीन जवान मृत्युमुखी पडले. घोडबंदर रस्त्यावरील उंच इमारतींत सुताराच्या अशा चिंध्या गोणीत कोंबून ड्राय बाल्कनीत ठेवल्या जातात, हे मला फार धोक्याचे वाटते. आपल्याकडे कपडे ‘आपोआप’ पेटले की भानामतीचे नाव घेतले जाते. कपडा पेटायला उष्णता, इंधन आणि ऑक्सिजन लागतो, मंत्र लागत नाही. म्हणून मांत्रिकाला बोलावण्याआधी कपड्यावर काय सांडले होते आणि त्याच्याजवळ कोण होते, याची चौकशी करावी. तेलाची फडकी एकावर एक न ठेवता उघड्यावर पसरून कडक होऊ द्यावीत, किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवावीत.

सागवान आणि शिसव यांच्याबाबत थोडा अधिक धीर धरावा लागतो. त्यांतील काही नैसर्गिक द्रव्ये मुक्तमूलकांना वाटेतच अडवतात, त्यामुळे वर सांगितलेली साखळी वारंवार तुटते. अशा लाकडावर तेल लावण्यापूर्वी पृष्ठभाग थिनरने पुसून घ्यावा आणि पहिला हात बोटाला चिकट लागेनासा झाल्याशिवाय दुसरा देऊ नये.