गावजत्रा

गावजत्रा म्हणजे ग्रामदैवताचा वार्षिक उत्सव. 'यात्रा' या शब्दाचेच हे बोलीतले रूप. निमंत्रणपत्रिकेवर 'यात्रा' छापतात, तोंडी मात्र जत्राच. पश्चिम महाराष्ट्रात हे दैवत बहुधा भैरवनाथ, म्हसोबा, जोतिबा, खंडोबा नाहीतर काळूबाई-यमाईसारखी एखादी आई असते. बहुतेक जत्रा चैत्र-वैशाखात येतात. रब्बीचे पीक घरात आलेले असते, पाऊस लांब असतो आणि हाताला सवड असते. काही दैवतांना मात्र पंचांग चालत नाही. मालवण तालुक्यातील आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा ठरलेल्या तिथीला होत नाही. दरवर्षी देवीचा कौल, म्हणजे संमती, घेऊनच तारीख जाहीर होते.

जत्रेचा खरा कणा म्हणजे मान. पालखीला पहिला खांदा कोणाचा, पहिला नारळ कोणाचा, वाजंत्री कोणी वाजवायची, सासनकाठी (देवाची उंच मानाची काठी) कोणत्या भावकीने नाचवायची, हे सारे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. वतनदारीच्या काळात हा मान म्हणजे हक्काची मालमत्ताच होती. होळीची पोळी आधी कोणाची आणि पोळ्याला बैल पुढे कोणाचा, यावरून पाटलांच्या भावकीत पिढ्यान्‌पिढ्या तंटे चालत. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने गेली, १९६२ च्या कायद्याने पाटीलकीही गेली. देवळातला मान मात्र कोणत्याच कायद्याने गेला नाही. गावाची जुनी उतरंड आज सर्वांत स्पष्ट दिसते ती पालखीच्या वाटेवर. मान न मिळालेल्यांची जुनी सलही तिथेच उघडी पडते.

नवस फेडण्याच्या प्रथांमध्ये बगाड सर्वांत थरारक. वाई तालुक्यातील बावधनचे बगाड विशेष प्रसिद्ध आहे. फाल्गुन पौर्णिमेला भैरवनाथापुढे कौल लावून नवसकऱ्यांमधून त्या वर्षीचा 'बगाड्या' निवडतात आणि रंगपंचमीला त्याला बगाडाच्या उंच शिडाला बांधतात. हा अवजड लाकडी गाडा बैलांच्या अनेक जोड्या कृष्णाकाठच्या सोनेश्वराहून गावापर्यंत ओढत आणतात. दमलेल्या जोड्या वाटेत बदलल्या जातात. पूर्वी बगाड घेणाऱ्याच्या पाठीत लोखंडी गळ टोचत. इंग्रजी अमलात त्याला बंदी झाली आणि गळाची जागा कापडाने व दोराने घेतली. करोनाच्या निर्बंधांतही, एप्रिल २०२१ मध्ये, बावधनला बगाड निघाले आणि पोलिसांनी ग्रामस्थांवर गुन्हे दाखल केले.

जत्रा साधारण दोन दिवसांची. पहिल्या दिवशी अभिषेक, पुरणपोळीचा नैवेद्य आणि रात्री छबिना, म्हणजे ढोल-लेझीम व दारूकामासह निघणारी पालखी. दुसरा दिवस पाहुण्यांचा. माहेरवाशिणी आणि पोटासाठी बाहेर पडलेले 'मुंबईकर', 'पुणेकर' गावी येतात आणि बऱ्याच गावांत त्या दिवशी मटणाचे जेवण असते. मुख्य देव शाकाहारी मानला जात असेल, तर बोकडाचा मान शेजारच्या म्हसोबाकडे वा वेताळाकडे जातो. देवाचे सोवळे आणि पाहुण्यांची हौस, दोन्ही सांभाळणारी ही तोड गावाला फार पूर्वी सुचलेली आहे.

रात्री तमाशा. त्यासाठी गावकारभारी पाडव्याच्या सुमारास जुन्नर तालुक्यातील नारायणगावला जातात. तेथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडलेल्या असतात. तारीख पाहून सुपारी ठरते. जत्रेतल्या बैलगाडा शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा वैध ठरवला. मधल्या वर्षांत शर्यतींचे अनेक घाट, म्हणजे गाडे पळवायच्या धावपट्ट्या, ओस पडले होते.

शेवट कुस्त्यांच्या फडाने. पोरांच्या कुस्त्या नारळावर किंवा रेवड्यांवर सुटतात, निकाली कुस्ती दिवस कलताना लागते. खर्च भागतो घरपट्टीसारख्या बसवलेल्या वर्गणीतून. पाहुणे परतल्यावर पंचमंडळी देवळात बसून जमाखर्च वाचतात, आणि पुढच्या सालचे वाद तिथूनच सुरू होतात.