मोठेपणी कळलेलं एडीएचडी आणि ऑटिझम: एवढा उशीर का झाला

चाळिशीत कुणाला एडीएचडी (लक्ष न टिकणं, चंचलपणा) किंवा ऑटिझम (लोकांशी वागण्या-बोलण्याची आणि जग अनुभवण्याची वेगळी ठेवण) असल्याचं निदान झालं की आजूबाजूचे हमखास विचारतात, इतकी वर्षं काही नव्हतं आणि आत्ताच कुठून आलं? प्रश्न रास्त आहे पण तो चुकीच्या माणसाला विचारला जातो. तो विचारायला हवा निदानाच्या नियमांना, कारण हे नियम बनले लहान मुलं बघून, त्यातही बहुतेक मुलगेच बघून, आणि ती मुलं मोठी झाल्यावर त्यांचं पुढे काय होतं हे बघायला बरीच वर्षं कुणी थांबलंच नाही.

एडीएचडीची गोष्ट बरीच जुनी आहे. १७९८ मध्ये अलेक्झांडर क्राइटन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने लक्ष न टिकणाऱ्या माणसांबद्दल लिहिलं, कुत्रं भुंकलं किंवा बेसूर वाद्य वाजलं तरी ही माणसं अक्षरशः बेजार होतात असं. ज्यांना पंख्याच्या आवाजातही काम सुचत नाही त्यांना हे वाचून कुणीतरी आपल्याबद्दलच लिहिलंय असं वाटेल. पण त्याच लिखाणात त्याने आणखी एक गोष्ट लिहून ठेवली, की सुदैवाने हे सहसा वयाबरोबर कमी होतं. माझ्या मते सगळा घोळ या एका समजुतीपाशी आहे, कारण ती पुढे पावणेदोनशे वर्षं टिकली.

१९०२ मध्ये लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने ४३ मुलांबद्दल व्याख्यानं दिली आणि या मुलांचं नैतिक नियंत्रण कमी पडतं असं म्हटलं. म्हणजे सुरुवातच दोष देण्यापासून झाली, आणि "आळशी आहे, मनावर घेत नाही" हे जे अजून ऐकावं लागतं ते मला त्याचंच घरगुती रूप वाटतं. १९३७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडलीने एका निवासी रुग्णालयातल्या ३० मुलांना बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध दिलं आणि जवळपास निम्मी मुलं अचानक अभ्यास करायला लागली, हे त्याला स्वतःलाही अनपेक्षित होतं. पण औषध सापडलं तेही मुलांसाठीच. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम या नियमावलीत ही अवस्था आली तेव्हा नावातच "बालपणातली" असा शब्द होता आणि पौगंडावस्थेत ती बहुधा कमी होते असंही छापलेलं होतं. थोडक्यात, क्राइटनचंच वाक्य.

ही समजूत पहिल्यांदा नीट मोडली ती १९७० च्या दशकात. अमेरिकेत युटामध्ये पॉल वेंडर आणि त्यांचे सहकारी मोठ्या माणसांमध्ये हीच लक्षणं तपासायला लागले, त्यांना औषध देऊन बघितलं आणि १९७६ मध्ये त्याबद्दल लिहिलं. माँट्रियलमध्ये गॅब्रिएल वाइस आणि लिली हेक्टमन यांनी तर निदान झालेल्या मुलांचा मोठेपणापर्यंत माग ठेवला आणि बऱ्याच जणांचा त्रास गेलेला नव्हता. जे उघड दिसतं ते, म्हणजे धावपळ, उड्या, ते कमी होतं, पण आतली अस्वस्थता, विसरणं, काम सुरूच न करता येणं हे राहतं. १९८० च्या डीएसएममध्ये दोन मोठे बदल झाले, एक म्हणजे चंचलपणा नसला तरी निदान करता येईल आणि दुसरं म्हणजे मोठ्यांसाठी "उरलेला प्रकार" अशी एक वेगळी नोंद आली. उरलेला! जसं काही खरा आजार लहानपणीच होऊन गेला आणि हा आपला तळाशी राहिलेला गाळ. तरी दार किलकिलं झालं हे महत्त्वाचं.

ऑटिझमचं तर याहून विचित्र आहे. १९२५ मध्ये ग्रुन्या सुखारेवा या सोव्हिएत डॉक्टर बाईंनी सहा मुलांचं इतकं बारकाईने वर्णन केलं होतं की आजची लक्षणं त्यात ओळखू येतात, पण जगाला माहीत झाला तो १९४३ चा, अमेरिकेतल्या लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञाचा लेख. त्यातल्या अकरा मुलांपैकी आठ मुलगे होते. त्यातला पहिला मुलगा, डोनाल्ड ट्रिपलेट, पुढे मिसिसिपीत आपल्याच गावातल्या बँकेत नोकरीला लागला, गाडी चालवायचा, गोल्फ खेळायचा, एकटा परदेशी फिरून यायचा आणि २०२३ मध्ये ८९ व्या वर्षी गेला. म्हणजे ऑटिझमच्या इतिहासातल्या पहिल्याच केसने आयुष्याची सत्तरेक वर्षं मोठा माणूस म्हणून काढली, आणि तरीही ऑटिझम म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर येतं ते लहान मूलच. मधली काही दशकं तर आईच्या थंडपणामुळे ऑटिझम होतो असं सांगण्यात गेली, ते साफ चूक होतं आणि त्याने किती आयांना आयुष्यभर अपराधी वाटत राहिलं असेल याचा विचार केला तरी त्रास होतो.

मोठ्यांकडे लक्ष वळलं त्याचं बरंच श्रेय ब्रिटनच्या मानसोपचारतज्ज्ञ लॉर्ना विंग यांना जातं. त्यांची स्वतःची मुलगी ऑटिस्टिक होती. व्हिएन्नातल्या डॉक्टर हान्स अ‍ॅस्पर्गरचं १९४४ चं काम त्यांनी १९८१ मध्ये इंग्रजी वाचकांपुढे आणलं आणि नीट बोलणारी, शिकलेली, नोकरी करणारी माणसंही ऑटिझमच्या या पट्ट्यावर (स्पेक्ट्रमवर) असतात हे डॉक्टरांना पटायला लागलं. (अ‍ॅस्पर्गरने नाझी राजवटीत मुलांना मृत्यूकडे नेणाऱ्या संस्थेत पाठवलं होतं हे २०१८ मध्ये कागदपत्रांसह पुढे आलं, म्हणून बरेच जण आता निदानासाठी त्याचं नाव वापरत नाहीत.) १९९४ मध्ये अ‍ॅस्पर्गर सिंड्रोम डीएसएममध्ये आलं आणि २०१३ मध्ये ते काढून सगळं एकाच ऑटिझम स्पेक्ट्रममध्ये घेतलं.

२०१३ च्या त्याच आवृत्तीत आणखी एक नियम बदलला, ज्याबद्दल फार कमी बोललं जातं. त्याआधी ऑटिझमचं निदान असेल तर एडीएचडीचं निदान करायचंच नाही असं होतं. दोन्ही असलेली माणसं तेव्हाही होतीच ना, फक्त कागदावर त्यांना एकच निवडायला लागायचं आणि मग अर्धा त्रास तसाच राहायचा. शिवाय एडीएचडीची लक्षणं सातव्या वर्षाआधी दिसायला हवीत ही अट बाराव्या वर्षापर्यंत आली आणि वयाच्या १७ व्या वर्षापासून पुढे सहाऐवजी पाच लक्षणं पुरेशी झाली.

मदतीचा रेटा मात्र बराचसा ऑटिस्टिक लोकांनी स्वतः लावला. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जिम सिंक्लेअर आणि त्यांच्यासारख्या ऑटिस्टिक मोठ्या माणसांनी आपलं नेटवर्क उभं केलं, आमच्यासाठी शोक करू नका असं पालकांना स्पष्ट सांगितलं. इंग्लंडमध्ये २००९ मध्ये फक्त ऑटिझमसाठी कायदा झाला आणि त्याचा भर मोठ्यांच्या सेवांवर होता. साधारण त्याच वेळी तिथे घरोघरी जाऊन मोठ्या माणसांची पाहणी झाली, सुमारे १ टक्का लोक ऑटिस्टिक निघाले आणि त्यांच्यातल्या एकालाही आधी निदान मिळालेलं नव्हतं. एकालाही नाही.

आता राहतो तो लहानपणीच्या पुराव्याचा प्रश्न, आणि मोठ्यांना सगळ्यात जास्त अडवतो तो हाच. तपासणीला गेलं की जुनी प्रगतीपुस्तकं आणा, आई किंवा वडिलांना सोबत आणा असं सांगतात. ज्याने वर्ग डोक्यावर घेतला त्याच्याबद्दल शेरे सापडतात. पण जी मुलगी खिडकीबाहेर बघत गप्प बसायची, मैत्रिणी कशा हसतात, कधी मान हलवतात हे बघून बघून पाठ करायची, तिच्या प्रगतीपुस्तकावर "वर्तणूक उत्तम" एवढंच असतं. हे पाठ करणं, लपवणं मोजणारी पंचवीस विधानांची एक प्रश्नावली २०१९ मध्ये आली, म्हणजे कॅनरच्या लेखानंतर ७६ वर्षांनी. त्यामुळे कुणी तपासणीला जाणार असेल तर नुसते मार्क आणि शेरे नका शोधू, भावंडांना विचारा, जुन्या डायऱ्या काढा, शाळेतून घरी आल्यावर तुम्ही काय करायचात ते आठवून लिहून न्या. दिवसभर शहाण्यासारखी वागलेली मुलगी घरी येऊन दार लावून दोन दोन तास रडायची, ही गोष्ट शाळेच्या कुठल्याच कागदावर नसते, ती घरातल्या कुणालातरी आठवत असते.