फेडोर: न हरलेला, की तगड्यांना हरवणारा?

कोपरखैरण्याच्या आमच्या एमएमए (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणाऱ्या लढतींच्या) क्लासमध्ये मॅट पुसून झाली की पोरांचा एक वाद हमखास पेटतो. रशियाचे दोन गाजलेले लढवय्ये: खबीब २९-० (२९ विजय, एकही हार नाही), फेडोर ४०-७, शिवाय फेडोर यूएफसीत, म्हणजे एमएमएच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेत, कधी लढलाच नाही. मग त्याला एवढं डोक्यावर का घेता? प्रश्न रास्त आहे. पण त्यात न हरणं आणि तगड्यांना हरवणं या दोन गोष्टींची गल्लत होते.

फेडोर एमेल्यानेन्कोची ख्याती ‘दहा वर्षं अजिंक्य’ अशी आहे. डिसेंबर २००० मध्ये जपानच्या कोसाकाविरुद्ध १७ सेकंदांत लढत थांबली. नियमबाह्य कोपर लागून फेडोरला खोक पडली होती, पण स्पर्धेत कुणीतरी पुढे जाणं भाग होतं, म्हणून त्याची हार धरली गेली. त्यानंतर तो हरला तो थेट जून २०१० मध्ये, ब्राझीलच्या वेर्डुमकडून. मात्र मधल्या काळात झुलुझिन्योसारखा कच्चा प्रतिस्पर्धी आहे, सात फुटांहून उंच पण एमएमएत नवखा हाँग मान चोईसुद्धा आहे. जत्रेतल्या रेवड्यांवरच्या कुस्त्या आणि शेवटची मानाची कुस्ती एकाच वहीत मोजल्या, तर आकडा फुगणारच. खबीबही यूएफसीत आला तेव्हा १६-० होता, त्यातल्या बऱ्याच लढती छोट्या स्पर्धांतल्या.

खरी परीक्षा दुसऱ्या वहीत आहे. १६ मार्च २००३ ला प्राइड या जपानी एमएमए स्पर्धेचा हेवीवेट चॅम्पियन होता नोगेरा. पाठीवर पडूनही हात-मान अडकवणारा, म्हणून त्याच्या गार्डमध्ये, म्हणजे खाली पडलेल्या त्याच्या दोन पायांमध्ये, शिरायला सगळे कचरायचे. फेडोर मुद्दाम तिथेच शिरला आणि वरून ठोसे हाणत राहिला. वीस मिनिटांनंतर पंचांचा कौल एकमताने त्याच्या बाजूने गेला.

जून २००४ ची रँडलमनविरुद्धची लढत मी पोरांना थांबवून थांबवून दाखवतो. रँडलमन पाठीमागून कंबर धरतो, उचलतो आणि फेडोरला उलटा डोक्यावर, मानेवर आपटतो. बघणाऱ्याला वाटतं, संपलं. फेडोर मात्र खाली पडल्या पडल्या हालचाल सुरू करतो, वर येतो, हात पकडतो आणि किमुरा, म्हणजे खांदा पिळणारी पकड, लावून जिंकतो. घड्याळात दोन मिनिटंही झालेली नसतात. हा रँडलमन काही ऐरागैरा नव्हता. दोनच महिन्यांपूर्वी त्याने डाव्या किकसाठी गाजलेल्या क्रो कॉपला नॉकआउट केलं होतं.

ऑगस्ट २००५ मध्ये त्याच क्रो कॉपच्या डाव्या किकसमोर फेडोर मागे हटण्याऐवजी पुढे चालत गेला आणि जिंकला. यूएफसीचं म्हणाल, तर तिथले माजी चॅम्पियन सिल्व्हिया (२००८, ३६ सेकंद) आणि अर्लोव्स्की (२००९) दोघेही त्याच्याकडून हरले.

मग सात पराभव? पहिला कोसाकाचा, बाकीचे सहा २०१० पासून पुढचे. शेवटचा फेब्रुवारी २०२३ मधला, वयाच्या ४६ व्या वर्षी. खबीब ऑक्टोबर २०२० मध्ये ३२ व्या वर्षी थांबला, तेही मॅकग्रेगर, पोरिए आणि गेथजी या यूएफसीतल्या तिघा बड्यांना टॅप करायला (हार मानायला) लावून किंवा बेशुद्ध करून. ते कर्तृत्व अस्सलच आहे. पण फेडोर ३३ व्या वर्षी, नोव्हेंबर २००९ मध्ये थांबला असता, तर त्याच्या नावापुढे ३१-१ असतं, आणि तो एक म्हणजे कोसाका.

म्हणून माझं मत: ‘दहा वर्षं अजिंक्य’ ही ख्याती थोडी फुगलेली आहे. २००३ ते २००५ चा जगातला सर्वोत्तम हेवीवेट, ही ख्याती मात्र त्याने पूर्ण कमावलेली आहे.